काय दाखवलं तर ऐकाल?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईंनी कोल्हापुरात ३१ वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवलं. या वेळी आलेली बरीचशी पत्रं वाद घालण्याबद्दल आणि दुसऱ्याला पटवण्याबद्दल होती. त्यांतली पाच इथं घेतली आहेत.)

प्रश्न : बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेचा विषय आहे, ‘महाद्वार रोडवर वाहनांना पूर्ण बंदी असावी’. मला मनापासून बंदी हवी आहे, पण चिठ्ठीत विरोधी बाजू आली. जे पटत नाही ते तावातावानं बोलणं म्हणजे खोटं बोलणंच नाही का? – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : तुला ही टोचणी लागली याचा मला आनंद झाला. ती घालवू नकोस.

स्पर्धेला किती दिवस आहेत ते लिहिलं नाहीस. चार दिवस असतील तर त्यांतला एक महाद्वार रोडवर काढ. बंदी नको म्हणणाऱ्या एखाद्या दुकानदारापाशी बस. माल कुठून येतो, कसा उतरतो, बंदी आली तर हमालीला किती जादा पडतील, विचार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाला तरी विचार की रात्री आजारी माणसाला खाली आणायचं तर गाडी कुठवर येणार. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईला अंबाबाईच्या देवळापर्यंत किती चालावं लागेल, ते स्वतः पावलं मोजून बघ. मग त्यांचं म्हणणं एका कागदावर लिही आणि त्याच दुकानदाराला वाचून दाखव. ‘पोरी, हेच म्हणायचंय मला’ असं तो म्हणाला, की तुझं भाषण तयार झालं. त्यात खोटं काही नसेल. तू एका खऱ्या माणसाचं खरं म्हणणं मांडत असशील.

आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. स्वतःचं मत मांडण्याआधी विरुद्ध बाजू मांडायची, आणि तीही इतकी भक्कम की ऐकणाऱ्याला वाटावं, हा त्याच पक्षाचा आहे. जुन्या शास्त्रकारांची ही शिस्त होती. दुबळा पूर्वपक्ष मांडून तो खोडणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आता टोचणीबद्दल. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकायलाच बसतात तो जल्प, त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं. आणि स्वतःची बाजूच नाही, समोरच्याचं मोडायचं एवढंच, ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द शिल्लक राहिला, वाद आणि जल्प यांतला फरक मात्र आपण विसरलो. व्यासपीठावरची स्पर्धा जल्पाच्या जातीची आहे. तिथं परीक्षक गुण देतात, मत कुणाचंच बदलत नाही. हे ओळखून उतरलीस तर हरकत नाही, पण एक गोष्ट करू नकोस.

ती म्हणजे छल, समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ धरणं. त्याचं जुनं उदाहरण आहे. ‘नवकम्बलोऽयं माणवकः’, या मुलाची घोंगडी नवी आहे, असं एकानं म्हटलं. दुसरा उठून म्हणतो, ‘नऊ कुठं, एकच तर आहे!’ संस्कृतात ‘नव’चे दोन्ही अर्थ होतात. बोलणाऱ्याला कोणता अर्थ हवा होता हे दुसऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तरी तो मुद्दाम दुसरा धरतो.

नव्वदच्या दशकात माझ्या एका विद्यार्थ्यानं असंच केलं. पहिलीपासून इंग्रजी असावं का, हा तेव्हाचा गाजता विषय. (पुढे २००० साली राज्यात ते सुरू झालं.) खेड्यातून आलेली एक मुलगी आपल्या गावच्या शाळेबद्दल सांगत होती. ‘आमच्या मुलांना शिकवायला शिक्षकच नाहीत,’ असं ती म्हणाली. हा पटकन उठला, ‘आपल्या मुलांना? आपलं लग्न कधी झालं?’ सभागृह हसलं. मुलगी थांबली, हातातले कागद चाळत राहिली आणि वेळ संपायच्या आत खाली बसली. ढाल आम्हांला मिळाली. मी त्याची पाठ थोपटली. ती पाठ थोपटल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या कागदांवर काय होतं हे तिथल्या शंभरेक माणसांतल्या कुणालाच कळलं नाही. मीही जाऊन विचारलं नाही.

तेवढं टाळ. बाकी विरोधी बाजू जीव तोडून मांड.

प्रश्न : मी विमा विकतो. बायको म्हणते, तुमचा धंदा लोकांना पटवायचा, म्हणजे गोड बोलून फसवायचाच. मला हे लागतं. पटवणं आणि फसवणं यांत फरक काय? – एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : फरक आपल्या भाषेनंच करून ठेवला आहे. ‘मी पटलो’ असं आपण म्हणत नाही, ‘मला पटलं’ म्हणतो. गोष्ट पटते आणि ज्याला पटते तो आपल्या जागी शाबूत राहतो. फसतो मात्र माणूस. ‘मी फसलो’. गळी उतरवणं, भरीस घालणं, कान भरणं, हे सगळे शब्द माणसाला काहीतरी केल्याचे आहेत. समजूत काढणं वेगळं, गप्प करणं वेगळं. जुने व्यापारी हुंडी पटली म्हणत, म्हणजे कागदावर लिहिलेल्याचे पैसे खरोखर मिळाले. आणि दोन माणसांचं ‘पटतं’ म्हणजे त्यांचं जमतं. एका क्रियापदात एवढं सगळं आहे. ‘पोरगी पटवली’ म्हणणाऱ्या पोरांनी या शब्दाची रया घालवली, याचं मला मनापासून दुःख आहे.

माझे वडील गुळव्या होते, म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करणारे. करवीर तालुक्यात हंगामभर या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर जायचे. काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायची वेळ आली की उसाचा मालक हमखास शेजारी येऊन उभा राहायचा. एक म्हणायचा, ‘अजून कच्चा हाय, ऱ्हाऊ दे.’ दुसरा म्हणायचा, ‘करपंल, उतरा.’ त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा रस होता तो, जीव वरखाली होणारच. वडील कधी त्याच्याशी हुज्जत घालत नसत. थोडा पाक गार पाण्यात सोडायचे, त्याची गोळी वळायचे आणि ती मालकाच्या हातावर ठेवायचे. ‘बघा तुमीच.’ गोळी वळली तर उतरवायचा, नाही वळली तर थांबायचं. त्यात एक गोष्ट होती जी मला फार उशिरा उमगली. गोळी वळली नसती तर वडीलही थांबले असते. कसोटी दोघांनाही बांधत होती. म्हणून मालकाला ते फसवणूक वाटत नसे आणि हरल्यासारखंही वाटत नसे.

तुमच्या धंद्यात गोळी कोणती? गिऱ्हाईक सही करायच्या आधी त्याला सांगा की दोन वर्षांत पॉलिसी मोडलीत तर भरल्यापेक्षा बरंच कमी हातात येतं. सांगा की कागद हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. हे ऐकूनही तो घेत असेल तर त्याला पटलं. ते लपवल्यामुळे घेत असेल तर तो फसला. त्याच्या लेकरांचा विषय काढून त्याच्या डोळ्यांत पाणी आणू नका असं मी म्हणणार नाही. ॲरिस्टॉटलनं पटवण्याची तीन साधनं सांगितली होती : बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याची भावना आणि मांडलेला युक्तिवाद. भावनेला त्यानं बाहेर ठेवलं नाही. लेकरांची काळजी हे विमा घ्यायचं खरंच कारण आहे, ते बोलायलाच हवं. फक्त त्या पाण्यात आकडे बुडवू नका.

बायकोला हे पत्र वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं आधी पुरतं ऐका. त्यांनी बहुधा काहीतरी पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवतो. शाहू महाराजांची घोड्यांची गोष्ट दर वर्षी सांगतो. यंदा नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, पण घोडे म्हणजे माणसं नव्हेत.’ मी त्याला खाली बसवलं. तेव्हापासून चैन नाही. – एक शिक्षक, कागल

उत्तर : आधी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी गोष्ट. असं सांगतात, की सांगलीच्या एका वकिलांनी महाराजांना म्हटलं, नोकऱ्या लायकी बघून द्याव्यात, जात बघून नव्हे. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याची चंदीची पिशवी बांधलेली असे. महाराजांनी सगळी चंदी एकत्र टाकायला सांगितली. धट्टेकट्टे घोडे पुढं घुसले, अशक्त आणि शिंगरं मागं राहिली. वकील काय ते समजले.

गोष्ट सुंदर आहे. पण तुमच्या विद्यार्थ्याचं बरोबर आहे, आणि त्याला खाली बसवलंत ते चुकलं. उद्याच त्याला उभं करा.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाची पाच अंगं आहेत. पुस्तकातलं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं, पण मी मुलांना गुऱ्हाळाचं द्यायची. ‘त्या वस्तीवर चुलवाण (काहिलीखालची भट्टी) पेटलंय’ ही प्रतिज्ञा. ‘कारण धुराड्यातून धूर निघतोय’ हा हेतू, म्हणजे कारण. ‘जिथं धूर तिथं जाळ, जशी आपल्या घरातली चूल’ हे उदाहरण. ‘इथंही तसाच धूर आहे’ हा उपनय. ‘म्हणून पेटलंय’ हे निगमन. एखादा पोरगा हमखास विचारायचा, ‘बाई, पंचगंगेवर पहाटे धुकं असतं, तेही लांबून धुरासारखंच दिसतंय की!’ मी त्याला शाबासकी द्यायची. हेतूच खोटा निघाला तर पुढचं सगळं कोसळतं, हे त्यानं आपणहून शोधलेलं असायचं.

घोड्यांची गोष्ट हे पाचातलं तिसरं अंग आहे, उदाहरण. आपण वर्षानुवर्षं तेवढंच सांगत आलो आणि दुसरं अंग, हेतू, सांगितलाच नाही. हेतू आकड्यांत आहे. महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. हा धूर. २६ जुलै १९०२ ला करवीरच्या गॅझेटात हुकूम निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या ५० टक्के मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. त्या हुकमातलं मला सर्वांत आवडणारं वाक्य कुणी भाषणात घेत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तिमाहीला सादर करावं, असं त्यात आहे. म्हणजे हुकूम काढणाऱ्यानं गोळी वळून बघायची सोय हुकमातच केली होती. तीन महिन्यांनी कागद बोलणार होता.

आता मुलाच्या आक्षेपाकडे या. ‘घोडे माणसं नव्हेत’ एवढं पुरेसं नाही, कारण डोंगर म्हणजे तरी कुठं स्वयंपाकघर आहे? धूर दोन्हीकडे आहे एवढ्यानं काम भागतं. त्याला विचारा, ‘बाळा, माणसात आणि घोड्यात असा कोणता फरक आहे की ज्यामुळे निष्कर्ष बदलतो?’ वेळ द्या. तो बहुधा म्हणेल, घोडा शिकून पुढं जाऊ शकत नाही, माणूस जाऊ शकतो. मग त्याला सांगा, तू महाराजांच्या पुढच्या पावलापर्यंत पोचलास. नुसती चंदी वाटून भागणार नाही, हे त्यांनाही दिसलं होतं. म्हणून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचं ठरलं. त्याच्या आक्षेपानं गोष्ट मोडली नाही, पुढं सरकली.

प्रश्न : घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणावरून माझा आणि थोरल्या भावाचा वाद झाला. माझे सगळे मुद्दे बरोबर होते. भाऊ चार महिने बोललेला नाही. आणखी पुरावे पाठवू का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नका पाठवू. चौदा नातेवाईक बघत असताना थोरला भाऊ धाकट्यापुढं ‘माझं चुकलं’ म्हणेल अशी अपेक्षाच चूक होती. चारचौघांत माणूस मत राखत नसतो, तोंड राखत असतो. त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि एवढंच म्हणा, ‘दादा, तुझं म्हणणं काय आहे ते मला नीट कळलंय का बघ.’ मग त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा. तो मान डोलावेपर्यंत स्वतःचं काही बोलू नका. त्या दिवशी तुमचा मुद्दा राहिला तर राहू दे.

प्रश्न : आमचं घर प्रयाग चिखलीत, नदीकाठी. २०१९ ला आम्हांला बोटीतून काढलं. २०२१ ला वेळेत निघालो. त्यानंतर दोनदा आधीच निघालो, पण पाणी घरात आलं नाही. आता वडील (वय ६८) म्हणतात, ‘दोनदा उगाच पळालो. या वर्षी मी हलणार न्हाई. पाणी बघूनच म्हातारा झालोय, तू मला पाणी शिकवणार?’ मी मोबाइलवर आकडे दाखवतो, हवामान खात्याचा अंदाज दाखवतो, रोज भांडण होतं. त्यांना कसं पटवू? आमच्याकडे चार म्हशी आहेत, त्यांचा घोळ वेगळाच. – एक वाचक, प्रयाग चिखली

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वडील काय म्हणाले ते तुम्ही नीट लिहिलंत, पण ते का म्हणाले ते मला तुमच्या शेवटच्या वाक्यात दिसलं, जे तुम्ही जाता जाता टाकलंत.

‘दोनदा उगाच पळालो’ याला उत्तर सोपं आहे. त्यांना विचारा, ‘आबा, रोज रात्री तुम्ही गोठ्याची कडी घालता. चोर आला नाही म्हणून सकाळी कडी उगाच घातली म्हणता का?’ ते हसतील, मान्यही करतील आणि तरीही हलणार नाहीत. कारण त्यांच्या मनातला हेतू हा नाहीच. जो हेतू माणूस बोलून दाखवतो तो खोडून आपण खूश होतो, आणि खरा हेतू मागच्या खोलीत तसाच बसून राहतो.

त्यांच्या बाजूनं ती दोन वर्षं मोजा. टेम्पोचं भाडं. परक्या गोठ्यात चार जनावरं, त्यांची वैरण, पावसात दाव्याला उभं राहून झालेले हाल. जागा बदलली की म्हैस आटते, दूध चोरते. संस्थेत घालायचं दूध पंधरा दिवस निम्म्यावर आलं असेल. तुम्ही मोबाइलवर पाणी दाखवत होता, ते मनात म्हशी मोजत होते. तुम्ही दोघंही चुकीचं मोजत नव्हता, पण एकमेकांचं मोजलेलं कुणीच विचारलं नाही.

आत्ता वैशाख आहे, नदी तळाला आहे. हा वाद करायचा महिना हाच. आषाढात पाणी चढत असताना कुणी कुणाचं ऐकत नाही, तेव्हा दोघांच्याही अंगात भीती बोलत असते. एखाद्या संध्याकाळी धारा काढून झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. मोबाइल घरात ठेवा. पुराचं नाव न काढता विचारा, ‘गेल्या वेळी निघालो तेव्हा म्हशींचं काय काय झालं?’ आणि ऐका. मध्ये बोलू नका. मग ते सगळं त्यांना परत सांगा, एखादी गोष्ट सुटली तर ते सांगतील.

त्यानंतर गोठा. उंचावरच्या पाहुण्यांकडे, मित्राकडे, जिथं जमेल तिथं आताच जागा बोलून ठेवा. वैरण आधीच नेऊन टाकायची. टेम्पोवाल्याशी भाडं आताच ठरवायचं. तिकडच्या दूध संस्थेत दूध घालता येईल का, ते विचारून यायचं. हे सगळं तुम्ही करायचं, त्यांनी नव्हे. तुमच्या बाजूनं घालायचं वजन ते हेच.

आणि मग तो प्रश्न, जो मी या सबंध पानावर फिरून फिरून विचारतेय. ‘आबा, काय दिसलं तर निघायचं?’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील. किती फुटांना म्हशी काढायच्या, ते त्यांनाच ठरवू दे. तुम्ही एवढंच बघा की तो आकडा ३९ च्या खालचा असेल, कारण रस्त्यावर पाणी आल्यावर टेम्पो येत नाही. म्हशी गेल्या की माणसांचा आकडा ठरवणं अवघड जाणार नाही. त्यांचा पाय म्हशींत अडकलाय. दोन्ही आकडे दाराच्या चौकटीवर रंगानं लिहा, २०१९ च्या पाण्याची खूण असेल तर तिच्या शेजारीच, म्हणजे आईलाही दिसतील आणि साक्षीला तिसरं माणूस राहील. प्रशासनानं त्याच्याही आधी निघा म्हटलं तर मात्र चौकटीकडे बघायचं नाही, निघायचं, हेही आताच बोलून ठेवा.

यात तुमच्या वाट्याला एक कठीण गोष्ट येते, ती लपवणार नाही. निघायचा सांगावा आलेला नाही आणि पाणी त्या आकड्याच्या खाली आहे, तोवर तुम्ही त्यांना ‘चला चला’ म्हणायचं नाही. कितीही पाऊस पडू दे, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येऊ दे. आकड्यानं त्यांना बांधायचं असेल तर तुम्हीही बांधून घ्यायला हवं. पहिल्या वर्षी तुम्ही तेवढं पाळलंत, की दुसऱ्या वर्षी ते स्वतःच बंधाऱ्याचा आकडा विचारू लागतील, असं मला माझ्या वडिलांना चुलवाणापाशी बघून वाटतं.

गोठा ठरला की कळवा. आणि म्हशींची नावं लिहायची राहिली आहेत, तीही कळवा.